वाकळ : आमचा न वाचलेला दस्तऐवज

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या मायने माझ्या मुलीच्या जुन्या टी-शर्टांची वाकळ शिवली. एवढ्याशा घरगुती गोष्टीवर लेख काय लिहायचा, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. मलाही तसेच वाटत होते. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. माझ्या घराण्यात माझ्याआधी कोणी पदवी घेतलेली नाही. त्यामुळे इतिहास म्हटले की ताम्रपट, शिलालेख, बखरी, दप्तरे, सरकारी गॅझेटिअर ही साधने पाठ करून परीक्षा पास झालेला मी माणूस. ह्या साधनांत माझ्या आजीचे नाव कुठेच नाही हे मला विद्यार्थी असतानाच कळले होते. पण तिचे स्वतःचे असे एक साधन घरात होते आणि ते मीच माझ्या हाताने घंटागाडीत टाकले, हे कळायला पस्तिशी उलटावी लागली. हा लेख त्याविषयी आहे.

मुलगी दहा वर्षांची. तिला लहान झालेले एकवीस टी-शर्ट कपाटाच्या खालच्या खणात साठले होते. पत्नीचे म्हणणे होते, बोहारणीला देऊ, एखादे पातेले तरी येईल. माय तेव्हा गावाहून आलेली होती. तिने ती थप्पी मांडीवर घेतली आणि एकेक उलगडून खिडकीच्या उजेडाकडे धरू लागली. कापड कुठे विरले आहे हे पाहण्याची ही तिची जुनी सवय. सगळे पाहून झाल्यावर ती म्हणाली, "लेकरू वाढलं, कापड न्हाई इरलं. आसं म्या पैल्यांदा बघितलं बाबा."

ह्या वाक्याने मला थांबवले. आमच्या घरात आजवर कापड माणसाच्या आधी संपत आले होते. थोरल्याचा सदरा मधल्याला, मधल्याचा धाकट्याला, मग त्याची चुंबळ, मग पोतेरे, हा कापडाचा प्रवास. लेकराची आठवण म्हणून अंगडे ठेवावे, तर ठेवायला ते उरले पाहिजे ना? आठवणीलाही थोडी शिल्लक लागते. ही शिल्लक आमच्या घरात माझ्या मुलीच्या वाट्याला प्रथम आली, आणि ती नोकरीच्या पगारातून, म्हणजे राखीव जागेतून, म्हणजे बाबासाहेबांकडून आली. मुलीला हे अजून ठाऊक नाही.

अलीकडे शहरांत मुलांच्या जुन्या कपड्यांची आठवणीची गोधडी करून घेण्याची हौस वाढते आहे. कपडे पाठवावेत, पैसे भरावेत, चौकोन चौकोन जोडलेले सुबक पांघरूण घरपोच यावे. ही चाल अमेरिकेतून आली. शाळेचा, खेळाच्या संघाचा, सहलीचा एकेक टी-शर्ट कापून तिथे पांघरूण शिवतात. हौसेला माझा आक्षेप नाही. पण ही चाल अमेरिकेत तरी कुणाच्या घरात वाढली, हे पाहायला हवे.

अलाबामा राज्यात अलाबामा नदीच्या एका मोठ्या वळणात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथले बहुतेक कृष्णवर्णीय लोक पेटवे हे आडनाव लावतात. पेटवे हा त्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून बाळगणाऱ्या मळेवाल्याचा वंश. मालकाचे नाव अंगावर गोंदल्यासारखे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. १९४२ साली तिथल्या मिसूरी पेटवे ह्या बाईचा नवरा काही महिन्यांच्या आजाराने गेला. तिने त्याचे शेतात वापरायचे कपडे घेतले – गुडघ्यावर झिजलेल्या विजारी, घामाने रंग उडालेले सदरे – आणि त्यांच्या पट्ट्या फाडून पांघरूण शिवले. तिची मुलगी आर्लोन्झिया तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होती. पुढे म्हातारपणी तिने ही हकिकत सांगितली म्हणून ती आज जगाला माहीत आहे. आईला बापाची आठवण ठेवायची होती आणि त्याच आठवणीखाली निजायचे होते, असा तिच्या सांगण्याचा आशय आहे. ते पांघरूण मी चित्रात पाहिले आहे. खिशाची जागा जिथे होती तिथे कापड गडद राहिले आहे, बाकी सारे उन्हाने उडालेले. काय झाकलेले होते आणि काय उघडे राबत होते ह्याचा नकाशाच तो.

ह्याच गीज बेंडच्या लोकांनी मतदार म्हणून नाव नोंदवायला तालुक्याच्या गावी जाऊ नये म्हणून १९६२ साली त्यांची नदीवरची नाव बंद करण्यात आली. ती नीट सुरू व्हायला २००६ साल उजाडले. दरम्यान १९६६ साली त्या परिसरातल्या बायांनी फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढून पांघरुणे विकायला सुरुवात केली. मताचा हक्क मागितला म्हणून मळ्यावरून हाकललेल्या घरांना तिचा आधार झाला. आणि २००२ साली हीच पांघरुणे न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतीवर आधुनिक कला म्हणून टांगली गेली. नावेपेक्षा पांघरुणे आधी पैलतीरी पोचली म्हणायची.

आणखी एक बाई सांगितली पाहिजे. हॅरिएट पॉवर्स. जॉर्जियात १८३७ साली गुलामीत जन्मलेली. तिने बायबलातल्या कथा कापडाच्या आकृत्या जोडून एका पांघरुणात मांडल्या. १८८६ च्या प्रदर्शनात एका गोऱ्या चित्रकला शिक्षिकेने ते पाहिले आणि विकत मागितले. हॅरिएटने दिले नाही. पाच वर्षांनी घरची दशा खालावली, तेव्हा तिने दहा डॉलर मागितले आणि पाच डॉलरला ते दिले. पुढे ती ते पाहायला पुन्हा पुन्हा त्या घरी जात असे. एकेका चौकोनात काय आहे ते तिने सांगितले आणि विकत घेणारीने लिहून ठेवले, म्हणून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आज ते पांघरूण आणि त्याचा अर्थ दोन्ही आहेत. कृष्णवर्णीय बाईच्या हातची वस्तू आणि गोऱ्या बाईच्या हातचे टिपण. टिपण नसते तर वस्तू मुकी राहिली असती. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे माझ्या अपराधाशी त्याचा संबंध आहे.

आपल्या चळवळीला अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नाते नवे नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावच तिकडून घेतले. त्यांच्या कविता, कादंबऱ्या, आत्मचरित्रे यांच्यावर आपण भरभरून लिहिले. त्यांच्या पांघरुणांवर मात्र लिहिले नाही. कारण उघड आहे. आपण लिहिणारे बहुतेक पुरुष होतो, आणि आपल्या स्वतःच्या मायची वाकळही आपण कधी वाचली नव्हती.

ती वाचायची तर आधी कापडाचा इतिहास वाचला पाहिजे, आणि ह्या देशात कापडाचा इतिहास हा जातीचा इतिहास आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने काय नेसावे ते लिहून ठेवले आहे: प्रेतावरची वस्त्रे. फुटक्या भांड्यात जेवावे हेही तिथेच. हा नुसता ग्रंथातला नियम नव्हता. महारकीच्या हक्कांत मेलेल्या ढोरासारखेच मढ्यावरचे कापडही मोजले जात असे. हक्क हा शब्द पाहा! ज्याला अपमान म्हणायचे त्याला ह्या व्यवस्थेने हक्क म्हटले, आणि आमच्या वाडवडिलांना त्यासाठी आपसांत भांडायला लावले. १९५८ च्या कायद्याने ही वतने संपली, पण सवयी कायद्याच्या तारखेला संपत नाहीत. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ मध्ये नोंदवले आहे की महार बाईने लुगड्याचे काठ दिसू न देता, निऱ्यांत दडवून नेसायचे, असा गावाचा दंडक होता. काठ दिसला की जात लपते, म्हणून काठ लपवायचा. त्रावणकोर संस्थानात नाडर बायांनी छाती झाकण्याच्या हक्कासाठी दंगली सोसल्या आणि १८५९ साली त्यांना अर्धामुर्धा हक्क मिळाला, तोही सवर्ण बायांसारखे वस्त्र घ्यायचे नाही ह्या अटीवर.

म्हणून डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळल्यावर बाबासाहेब स्त्रियांशी बोलले ते लुगड्याविषयी. अस्पृश्य म्हणून ओळखू येईल असे नेसणे सोडा, इतर बायांसारखे नेसा, कथलाचे दागिने टाका, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले. त्या काळच्या पुढाऱ्यांना हा विषय किरकोळ वाटला असेल. पण ज्याने मनुस्मृतीचा दहावा अध्याय वाचला होता त्याला तो किरकोळ वाटणे शक्य नव्हते. काहीजण गांधीजींच्या पंचाशी बाबासाहेबांच्या सुटाची तुलना करून बाबासाहेबांना नावे ठेवतात. ज्याच्या अंगावर शतकानुशतके दुसऱ्याचे उतरलेले कापड होते त्याने स्वतःच्या मापाने कापड शिवून घेणे म्हणजे काय, हे त्यांना कळलेले नाही.

कापड विणण्याच्या कामातही तेच. मुंबईत १८५६ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली. आमची माणसे गावकी सोडून गिरणीत शिरली, पण साचेखात्यात, म्हणजे प्रत्यक्ष विणण्याच्या खात्यात, त्यांना थारा नव्हता. धोट्यातल्या कांडीचा दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा इतर कामगार कसा हाती घेणार? म्हणून जास्त मजुरीचे खाते बंद. अस्पृश्य सूत काढू शकत होता, कापड विणू शकत नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला तेव्हा कामगारांच्या एकजुटीची भाषा बोलणाऱ्यांची पंचाईत झाली. विणलेले कापड मात्र सर्वांनी नेसले. सुताला विटाळ नव्हता.

आता वाकळ. एक भेद आधी सांगतो. शहाणीसुरती माणसे गोधडी म्हणतात, आमच्याकडे वाकळच म्हणत. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक पसरायचे, वर रंगीत ठिगळे मांडायची, आणि बाहेरच्या कडेपासून धावदोरा घालत चौकोनाचौकोनाने आत मध्यापर्यंत यायचे. शेवटचा टाका घालण्याआधी माझी आजी मधल्या ठिगळाखाली भाकरीचा कुटका ठेवायची. वाकळ उपाशी ठेवू नये, ती आपल्याला उपाशी निजवते, असे तिचे म्हणणे. शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नडच्या जंगलात राहणाऱ्या सिद्दी बाया अशीच पांघरुणे शिवतात आणि चारी कोपऱ्यांना कापडाचे फूल लावतात. फुलावाचून त्यांना ते नागवे वाटते. हे सिद्दी मुळचे आफ्रिकेचे. त्यांच्यातले अनेक पोर्तुगिजांच्या काळात गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्यांचे वंशज, आणि कोकणी बोलणारेही त्यांच्यात आहेत. म्हणजे अलाबामा फार लांब नाही. बेळगावच्या पुढे गेले की तिची चुलत बहीण भेटते.

वाकळ फाटली की टाकत नाहीत. तिच्यावर नवा थर चढवतात. आत जुने, बाहेर नवे. उत्खननात पुरातत्त्ववाले थर मोजतात, तसे वाकळेचे थर मोजता येतात. आमच्या घरी जी वाकळ होती तिचा सर्वांत आतला थर माझ्या आईच्या आईने घातला होता: १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेल्या मिलोच्या पोत्याचे बारदान. तांबड्या मिलोच्या भाकरी खाऊन मराठवाड्याने ती वर्षे काढली. आजी खडी फोडायला जात होती. त्यावर दोन लुगडी, त्यातले एक पाटलाच्या घरून बाळंतिणीचे काम केल्याबद्दल मिळालेले. १९७८ च्या जुलैत विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि आमच्या वस्त्या पेटल्या. माय तेव्हा चौदा वर्षांची. घर जळाले. रात्री रानात पळताना आजीच्या खांद्यावर धाकटा मामा होता आणि मामाच्या अंगावर ती वाकळ. तिचा एक कोपरा जळका होता. त्यावर पुढे निळे ठिगळ बसले. मायचे लग्न झाले तेव्हा आजीने हीच वाकळ तिला दिली, कारण देण्यासारखे दुसरे नव्हते. मायने तिच्यावर आणखी दोन थर चढवले.

हे सारे मला आता माहीत आहे. २०१७ साली माहीत नव्हते. त्या वर्षी तासिका तत्त्वावरची सात वर्षे संपून मला कायम नोकरी मिळाली आणि आम्ही शहरातल्या एका बऱ्या वसाहतीत भाड्याने राहायला गेलो. शेजारी सगळे वरच्या जातींचे. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरूनही घराची पारख होते हे मी पहिल्याच आठवड्यात ओळखले. वाकळ जड होती, वळकटीत पडून तिला वास येत होता, कोपरा करपलेला. सकाळी घंटागाडी आली आणि मी ती खाली नेऊन टाकली. त्याच दुपारी वर्गात मी प्राथमिक साधने आणि दुय्यम साधने यांतला फरक शिकवला. हे मी अतिशयोक्तीने लिहीत नाही, हजेरीपटावर त्या दिवसाचा विषय नोंदलेला आहे.

माय नंतर आली. तिने माळा पाहिला, पलंगाखाली पाहिले. विचारले नाही. मीही सांगितले नाही. आठ वर्षे आम्ही दोघे त्याविषयी बोललो नाही.

ह्या उन्हाळ्यात टी-शर्ट कापायला बसली तेव्हा ती बोलली, आणि तेही टी-शर्टांविषयीच. हे कापड तिच्या ओळखीचे नव्हते. "बन्यानचं कापड हाय, ताणतंय. सुई घातली की आकसतंय," ती म्हणाली. लुगडे आणि धोतर आडव्या-उभ्या धाग्यांचे, टी-शर्ट विणकामाच्या गाठींचा. दोन ठिगळे शिवून तिने उसवली. मग तिने उपाय काढला. प्रत्येक तुकड्याच्या मागे जुन्या सुती साडीचा तुकडा आधी टाचून घेतला, म्हणजे ताणणाऱ्याला न ताणणाऱ्याचा आधार. अमेरिकेत ह्यासाठी इस्त्रीने चिकटणारे अस्तर मिळते असे मी वाचले होते. तिला ते सांगितल्यावर ती हसली.

कापताना ती प्रत्येकाच्या गळ्यामागची चिठ्ठी कात्रीने काढत होती. मी त्या वाचल्या. बहुतेक तिरुपूरच्या. तमिळनाडूतले हे शहर देशातल्या होजियरीचे मोठे केंद्र आहे. त्याला सूत पुरवणाऱ्या गिरण्यांत सुमंगली नावाच्या योजनेखाली गरीब घरच्या, त्यांत बऱ्याच दलित, मुलींना तीन-तीन वर्षे वसतिगृहात ठेवून राबवून घेतले जाई, आणि शेवटी लग्नासाठी म्हणून एकरकमी पैसे देण्याचे आश्वासन असे. हुंड्यासाठी स्वतःला गहाण टाकणारी पोर! २०१० नंतरच्या अहवालांनी ह्या प्रकाराला वाचा फोडली. माझ्या मुलीच्या पाचव्या वाढदिवसाच्या गुलाबी टी-शर्टाचे सूत कुणाच्या हातून गेले असेल हे मला सांगता येणार नाही. पण हौसेच्या वाकळेतही दुसऱ्याच्या लेकीचे श्रम असतातच, आपण शिल्लक असलेले झालो म्हणून त्यातून सुटत नाही.

एकविसात एक निळा टी-शर्ट होता. १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा, छातीवर बाबासाहेबांचे चित्र. मुलीचा आग्रह, हा मधोमध पाहिजे. मायने हात जोडले. "त्याच्यावर कात्री न्हाई चालवायची. आन्‌ पांघरुणात पाय लागत्यात." मी तिला समजावू लागलो. आपण बौद्ध आहोत, चित्रपूजा बाबासाहेबांना मान्य नव्हती, वगैरे. आणि मग मला वाटले ते पंसुकूलाविषयी सांगितले. विनयपिटकात आहे की भिक्खूने उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या वेचून, धुऊन, जोडून चीवर करावे. मगधातली बांध घातलेली चौकोनी शेते पाहून बुद्धांनी आनंदाला तसे चीवर करता येईल का विचारले आणि आनंदाने तुकडे जोडून ते केले. नवे कापड मिळाले तरी ते कापून, जोडूनच वापरायचे. राजकुळातला शाक्य आणि न्हावी उपाली, दोघांच्या अंगावर तेच ठिगळांचे वस्त्र. मनूने जे प्रेतावरचे कापड चांडाळाची खूण म्हणून लादले, तेच बुद्धाने संघाची खूण केली. आपल्या काळात परीट घरात जन्मलेल्या गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत, आणि त्यांनीच पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

मायने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "त्येंनी आपल्या मनानं पांघरल्या चिंध्या. आपल्याला कुणी इचारलं व्हतं का?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि अजूनही नाही. पंसुकूलावर भाषणे करणाऱ्या आपल्यातल्या अनेकांकडे ते असेल असे मला वाटत नाही. टाकणे आणि टाकले जाणे यांत जे अंतर आहे ते ग्रंथातल्या अर्थाने बुजत नाही. निळा टी-शर्ट घडी करून कपाटात ठेवला आहे. वाकळ वीस तुकड्यांची झाली.

अकराव्या तुकड्यावर, मुलीच्या दोन वर्षांच्या वयाच्या टी-शर्टावर हात फिरवताना तिने ते सांगितले. माझ्याआधी तिला एक मुलगा होता. १९८४ चा जन्म, दोन वर्षांचा होऊन गोवराने गेला. हे मला ऐकून माहीत होते. फोटो नव्हता, शाळेत नाव नव्हते, ग्रामपंचायतीत जन्माची नोंद केलेली नव्हती, म्हणून मृत्यूचीही नाही. त्याचे एकच झबले होते, पिवळे, मामाने जत्रेतून आणलेले. ते तिने त्या वाकळेत शिवले होते. वरून दिसू नये म्हणून वरच्या थराखाली, उशाच्या बाजूला. मी आणि माझ्या पाठची बहीण त्या वाकळेत निजत होतो, तेव्हा डोके तिथे यायचे. "तुला म्हून त्याच कडंला निजवायची," ती म्हणाली. एवढे बोलून तिने दोरा ओवायला माझ्याकडे सुई दिली, तिला आता नाके दिसत नाही.

१९८७ च्या ११ ऑक्टोबरला वॉशिंग्टनच्या हिरवळीवर एड्सने गेलेल्यांच्या नावाची १९२० कापडी पटले पसरली होती. प्रत्येक पटल तीन फूट रुंद, सहा फूट लांब, म्हणजे थडग्याएवढे. ज्यांच्या मृत्यूची सरकार दखल घेत नव्हते त्यांच्या आप्तांनी त्यांचे टी-शर्ट, त्यांच्या विजारी त्यावर शिवल्या होत्या. नोंद नसलेल्या मृत्यूची नोंद करायला लोकांनी कापड वापरले. मी हे वर्गात सांगतो, विद्यार्थी टिपून घेतात. आमच्या घरात एका बाईने तेच एका वर्षाआधी केले होते आणि एकतीस वर्षांनी एका इतिहासाच्या प्राध्यापकाने ती नोंद नष्ट केली.

मी तिला सांगितले. टाकली म्हणून. ती म्हणाली, "म्हायतीय." कसे, ते विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

नवी वाकळ मुलीने उघडून पाहिली तेव्हा तिची तक्रार होती की दोन ठिगळांवरची इंग्रजी अक्षरे उलटी लागली आहेत. मायला अक्षरओळख नाही, तिने रंग जुळवले होते. उसवायचे का, ह्यावर आजी-नातीची बरीच बोलाचाली झाली आणि अक्षरे उलटीच राहिली. मधल्या ठिगळाखाली पोळीचा तुकडा आहे. भाकरी त्या दिवशी केलेली नव्हती.

आता रोज रात्री जेवणे झाल्यावर मी दोनशे पानी वही घेऊन मायजवळ बसतो. जुनी वाकळ डोळ्यांपुढे आणून ती सांगते आणि मी लिहितो: डाव्या कडेची पहिली ओळ, पहिले ठिगळ, कुणाच्या कापडाचे, कुणी दिले, कशाच्या बदल्यात, कोणत्या साली. साल तिला आठवत नाही, पण दुष्काळाच्या आधी की नंतर, जाळपोळीच्या आधी की नंतर, तुझ्या जन्माच्या आधी की नंतर, हे ती अचूक सांगते आणि त्यावरून साल लावता येते. वरचा थर आठ ओळींचा होता. तिसरी ओळ चालू आहे.